राहिलेला ओसा

उत्तम धाकू पाष्टे झोपतो कसला भारी, याबद्दल ठाकुर्लीच्या सोनचाफा सोसायटीत कुणाचंच दुमत नव्हतं. वॉचमन विश्रामने तर रात्री शिट्टी मारणंच सोडून दिलेलं. "दुसऱ्या माळ्यावरचे पाष्टे घोरतायत तोवर चोर आत येत नाय," असं तो छातीठोक सांगायचा. वरच्या माळ्यावरची माणसं म्हणायची, आमची लादी थरथरते. समोरच्या घरातली म्हणायची, पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि सगळे शेवटी उसासा टाकून एकच वाक्य बोलायचे, "नशीब लागतं बाबा अशा झोपेला!"

दुमत होतं ते फक्त उत्तमचं. पण घोरणाऱ्याला कोण विचारतंय? घोरणारा हा सुखी माणूस असतो, असं आपल्याकडे ठरलेलं आहे. त्याला दुःख असायची सोयच ठेवलेली नाही.

सकाळी उठला की उत्तमला वाटायचं, आपण रात्रभर गोण्या वाहिल्या. घसा कोरडा, डोकं जड, अंगात ताप नाही पण तापाचा सगळा कंटाळा. हे एक. दुसरं त्याहून वाईट होतं. ते आतलं होतं, आणि त्याला नाव नव्हतं. आधी तो कॅरम खेळायचा थांबला. मग आंघोळीत गुणगुणायचा थांबला. मग मुलीने, शिवानीने, बारावीचे मार्क दाखवले तेव्हा त्याला हसायचं आहे हे कळत होतं, पण तोंड हलेना. काहीही विचारलं की तो एकच म्हणायचा, "राहू दे."

"चहा टाकू?" "राहू दे." "मामाकडे जायचं?" "राहू दे." "अहो, शर्ट उलटा घातलाय." "राहू दे."

आणि एका रविवारी तो भेंडी चिरताना रडला. कांदा असता तर निभावून गेलं असतं. पण भेंडी! बायको रुचिता सुरी काढून घेत म्हणाली, "अहो, झालं काय?" काही झालंच नव्हतं. त्याची आई मालन देवासमोरून ओरडली, "भेंडीला कोण रडतं रे? बाप गेला तेव्हा इतका रडला नाहीस!"

तेव्हा रुचिताने त्याला नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मोबाईलवर काहीतरी बघत होते. बघता बघता म्हणाले, "रडू येतं? मन लागत नाही? डिप्रेशन. झोप कशी आहे?"

उत्तमने तोंड उघडलं, पण उत्तर रुचिताने दिलं. "झोप? अख्खी बिल्डिंग जागी असते डॉक्टर, इतके झोपतात."

"अरे वा. मग माइल्ड आहे." डॉक्टरांनी मनाची एक गोळी लिहिली. मग जरा विचार करून आणखी एक. "ही झोपेची."

"झोप तर भरपूर आहे ना?" रुचिता म्हणाली.

"असू दे हो. जास्त झाली तर वाईट काय?"

झालं. आधी उत्तम दगडासारखा झोपायचा, आता दगडाखाली झोपल्यासारखा उठायला लागला. आणि कंपाउंडरपासून मेव्हण्यापर्यंत ज्याला त्याला कळलं की पाष्टे डिप्रेशनमध्ये आहेत, म्हणजे टेन्शन घेतात, म्हणजे घेऊ नये. मेव्हण्याने फोन करून सांगितलं, "भावोजी, टेन्शन लेने का नहीं, देने का." एवढं वैद्यकीय मार्गदर्शन मिळाल्यावर अजून काय पाहिजे माणसाला?

* * *

उत्तमची नोकरी होती ठाण्यात, खोपटला, एसटी डेपोजवळच्या 'निद्रासुख'मध्ये. पूर्वी तिथे कापूस पिंजून गाद्या भरून मिळायच्या. मालक वारले, त्यांचा मुलगा विनीत पुण्याहून एमबीए होऊन आला, आणि दुकानाचा 'स्लीप स्टुडिओ' झाला. गाद्या त्याच, फक्त आता त्यांच्यावर आडवं होऊन बघायला चप्पल काढावी लागायची.

मे महिन्यातली गोष्ट. डोंबिवलीचं एक जोडपं गादी बघायला आलेलं. बाई लाजत होत्या. उत्तम म्हणाला, "ताई, लाजायचं काय त्यात, हे बघा, असं पडायचं." आणि स्वतः पडला. "ह्याच्यात मेमरी फोम आहे, त्यामुळे पाठीचा कणा जो आहे तो..."

तो कणा काय आहे ते त्या जोडप्याला आजतागायत कळलेलं नाही. उत्तम वाक्याच्या मधोमध झोपला. नुसता झोपला नाही, डेपोतून गाडी सुटावी तसा घोरायला लागला. जोडपं सभ्य होतं. ते अकरा मिनिटं हात बांधून उभं राहिलं. मग नवरा म्हणाला, "ही गादी दोन द्या."

विनीतने हे सगळं कॅमेऱ्यात बघितलं. दुसरा कुठला मालक असता तर त्याने हाकलून दिलं असतं. विनीत शिकलेला होता, म्हणून त्याने त्याहून वाईट केलं. व्हिडिओ कापला, खाली लिहिलं 'आमचा उत्तम झोपला, तुम्ही?' आणि सोडून दिला. चार दिवसांत ठाण्यात पोरंटोरं उत्तमला ओळखायला लागली. पाचव्या दिवशी दुकानाच्या काचेत पलंग लागला. दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सहा, उत्तमने तिथे झोपायचं. गळ्यात कार्ड आलं: 'चीफ स्लीप ऑफिसर'.

शाळेतून सुटलेली पोरं काचेवर टकटक करायची. एक आजोबा रोज यायचे, नातवाला दाखवायचे, "बघ, चिंता नसली की माणूस असा झोपतो."

एकदा उत्तमने धीर केला. "विनीतशेठ, मला बरं वाटत नाही. डिप्रेशनची गोळी चालू आहे माझी."

विनीतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. "दादा, काय बोलता! डिप्रेशनवाल्यांना झोप कुठे लागते? तुम्हाला आमच्या गादीवर लागते." मग त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटलं आणि तिथे दुसरंच काहीतरी चमकायला लागलं. "एक मिनिट. परत बोला. डिप्रेशनमध्येपण आमच्या गादीवर झोप लागते?"

दुसऱ्या दिवशी काचेवर हातभर बोर्ड: 'डिप्रेशन? आमच्या गादीवर या, पडा, विसरा!' खाली उत्तमचा फोटो, आ वासलेला.

उत्तम त्या बोर्डासमोर उभा राहिला आणि त्याच्या कानशिलात काहीतरी ठणकलं. राग आलेला. कितीतरी महिन्यांनी काहीतरी आलेलं. तो "राहू दे" म्हणणार होता, पण तोंडातून आलं, "हे काढा."

"संडेपर्यंत राहू दे ना दादा," विनीत म्हणाला. म्हणजे बघा, त्याचा शब्दसुद्धा त्याला ठेवू दिला नाही.

आणि ड्युटी होती, म्हणून तो रागारागाने जाऊन झोपला.

त्याच दुपारी काचेबाहेर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातात पर्स, उशी घ्यायला आलेल्या. बाकीचे हसत होते, त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मग तरातरा आत आल्या, विनीतच्या "वेलकम मॅडम"ला बाजूला सारून सरळ उत्तमला हलवून उठवलं.

"मी डॉक्टर सुमेधा. मागच्या गल्लीत माझं क्लिनिक आहे, छातीचे आणि झोपेचे आजार बघते. तुमचा श्वास आत्ता अडतीस सेकंद बंद होता. उद्या मिसेसना घेऊन या."

"मॅडम, ते आमचं लाइव्ह डेमो..." विनीत म्हणाला.

"मरणाचा डेमो आहे हा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि उशी न घेताच गेल्या.

* * *

रुचिता आली ती कुरकुरतच. "झोपतात म्हणून डॉक्टर! आता जेवतात म्हणून कुठे नेऊ?"

डॉक्टर सुमेधांनी तिला बसवलं. "घोरतात?"

रुचिता हसली. तिने फोन काढला. "ऐकवू? आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलेलं. सगळे मेले हसून."

"मध्येच थांबतं का घोरणं?"

"हो ना! तेवढीच जरा शांतता. मी तर देवाचे आभार मानते हो, चला, आता तरी डोळा लागेल. पण परत एकदम घर्र करून उठतात..."

"तेव्हा ते श्वास घेत नसतात," डॉक्टर म्हणाल्या.

रुचिताचा फोन चालूच होता. त्यातून उत्तमचं घोरणं येत होतं, मागे तिचंच खिदळणं. मग घोरणं थांबलं. मागचं खिदळणं चालू राहिलं. रुचिताने फोन बंद केला नाही. ती फक्त फोनकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा होत गेला.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. झोपेत घसा मिटतो. हवा आत जात नाही. मेंदू घाबरून जागं करतो, पण माणसाला कळतसुद्धा नाही की आपण जागे झालेलो. रात्रभर हेच. तो झोपतच नाही, झोपेच्या दारात उभा राहून धक्के खातो. असं वर्षानुवर्षं चाललं की मन विझायला लागतं. आणि मन विझलं की झोप आणखी बिघडते. "दोघं एकमेकांना खातात. त्यामुळे डिप्रेशन खोटं नाही हं, पाष्टे. ते खरंच आहे. मनाची गोळी चालू ठेवा. पण ही झोपेची कुणी दिली? त्याने घसा आणखी सैल पडतो. त्यांना मी चिठ्ठी देते, ही आपण बंद करू."

"म्हणजे मी आळशी नाही?" उत्तमने विचारलं.

एवढंच विचारायला त्याला तीन वर्षं लागलेली.

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. मालनने एक रात्र कशीबशी काढली. "असली सोंगं एकाच रात्रीपुरती," म्हणाली, आणि वरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

रिपोर्ट आला शनिवारी. शिवानीने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. "तासाला त्रेचाळीस वेळा श्वास थांबतो... खाली लिहिलंय, सिव्हिअर ओसा."

स्वयंपाकघरात उलथनं पडल्याचा आवाज आला. मालन पिठाच्या हाताने बाहेर आली. "काय म्हणालीस? काय लिवलाय?"

"ओसा, आजी. सिव्हिअर म्हणजे खूप जास्त."

"ओसा!" मालनने कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. "ओसा राहिलाय! मी एकोणीस वर्षं ओरडतेय! शहाणी गो बाई ती डॉक्टरीण. कुठल्या गावची?"

आता हे सांगायला पाहिजे. पाष्ट्यांचं गाव माणगावच्या बाजूला. तिकडे गौरीच्या सणाला नव्या सुनेचा ओवसा असतो, बोलताना सगळे ओसा म्हणतात. सुपांत फळं, पानं, काकडी, खारीक भरायची, तेरड्याच्या गवरीपुढे ओवसायची, म्हणजे ओवाळायची, आणि मग एकेक सूप घरातल्या मोठ्यांच्या हातात द्यायचं. मोठ्यांनी बदल्यात सुनेच्या हातात काहीतरी घालायचं. काही घातल्याशिवाय सूप खाली ठेवायचं नाही. आणि पहिला ओसा कधी? तर गवर 'पूर्वा', म्हणजे पूर्वा नक्षत्रावर, येईल त्याच वर्षी. रुचिताच्या लग्नाच्या वर्षी गवर पूर्वा नव्हती. पुढच्या वेळी होती तर शिवानी पोटात. त्याच्या पुढच्या वेळी सुतक. मग राहिला तो राहिला.

"आई, हा तो ओसा नाही," उत्तम म्हणाला. "इंग्लिश ओसा आहे."

"असेल. देव काय एकट्या माणगावातच आहे?"

"आजी, ओ, एस, ए. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया," शिवानी म्हणाली.

"ॲप? आता मोबाईलमध्येपण आला?" मालनने डोळे मिटून हात जोडले. "यंदा गवर पूर्वा आहे. तीन आठवडे थांबा. ओसा झाला की घोरणं बंद, रडणं बंद."

रुचिता पुढे आली. "आई, ओसा करू. पण डॉक्टरांनी मशीन सांगितलंय. नाकावर मास्क लावून झोपायचं, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. ते आधी आणू. एक महिना भाड्याने मिळतं."

"नळी असते त्याला?"

"असते."

"मग नाही."

"आई, अहो पण..."

"नाही म्हणजे नाही!" मालनचा आवाज चिरकला. "नाकाला नळी लावलेला माणूस मी एकदा बघितलाय. ह्याचा बाप. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत काढू. काढली. माणसासकट काढली. ह्या घरात परत नळी येणार नाही. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

घर मालनच्या नावावर होतं, आणि दुःखही. दोन्हींपुढे कोण बोलणार? उत्तमने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "राहू दे."

रुचिताने हातातला रिपोर्ट टेबलावर आपटला. "राहू दे काय! काय राहू दे? तुम्हाला राहू देतील का तरी?"

* * *

तीन आठवडे रुचिता झोपली नाही. ती मोजत बसायची. सकाळी चहाबरोबर आकडा द्यायची. "काल एका तासात चोपन्न." जणू त्यानेच मुद्दाम केलेलं. उत्तमला मात्र त्या आकड्याने बरं वाटायचं. कुणीतरी ऐकत होतं. हसत नव्हतं, ऐकत होतं.

गौरीपूजनाच्या दिवशी पाष्ट्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोसायटीतल्या अर्ध्या बायका आलेल्या. कोपऱ्यात तेरड्याची गवर, नाकात नथ, अंगावर मालनची पैठणी. रुचिता एकोणीस वर्षांची जुनी नवरी होऊन नटलेली. उत्तमने पुरणपोळी खाल्ली, खुर्चीत टेकला, आणि पुढचं जे झालं ते त्याला नंतर सांगण्यावरून कळलं, कारण तो झोपला.

झालं ते असं. रुचिताने सुपं ओवसली. पहिलं सूप सासूच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला. मालनने कमरेची पिशवी उघडली, आतून स्वतःच्या सासूची बोरमाळ काढली. बायका "अगं बाई!" म्हणाल्या. रुचिताने हात मागे घेतला.

"आई, बोरमाळ नको."

"मग काय पाहिजे गो?"

"नळी."

हॉलमध्ये असा सन्नाटा झाला की फक्त उत्तमचं घोरणं उरलं.

"सणाच्या दिवशी नको ते बोलू नकोस," मालन म्हणाली. सूप दोन्ही हातांत, खाली ठेवता येईना. काही दिल्याशिवाय ठेवायचं नाही, हे तिनेच आयुष्यभर सगळ्यांना सुनावलेलं.

"मी काही बोलत नाही. तुम्ही ऐका," रुचिता म्हणाली.

उत्तम घोरत होता. घोरता घोरता थांबला. कुणीतरी सवयीने फिसकन हसलं. "मोजा आई," रुचिता म्हणाली. मालनचे ओठ हलायला लागले, जपाला हलतात तसे. एक. दोन. पाच. दहा. उत्तमची छाती वर यायची, पण हवा कुठेच जात नव्हती. पंधरा. बायकांचं हसणं मिटलं. वीस. एकवीस. बाविसाव्याला मालनने गवरीसमोर सूप टाकलं आणि धावली.

उत्तमला जाग आली ती आईच्या थपडेने. पायाशी काकड्या घरंगळत होत्या, मांडीवर खारका, आणि सत्तरीची आई दोन्ही हातांनी त्याचे गाल धरून ओरडत होती, "घे रे! श्वास घे! मेल्या, बापासारखं करू नकोस!"

मग ती खाली बसली. एक काकडी उचलून पदराने पुसत म्हणाली, "आण ती नळी. आणि बोरमाळपण घे. ओसा म्हणजे ओसा."

* * *

मशीन आलं आणि पहिले चार दिवस उत्तमने झोपेत मास्क ओरबाडून काढला. शिवानी म्हणाली, "पप्पा, विसर्जन झालं, आता सोंड काढा." रुचिता परत बसवायची. मालन मशीनला रोज हळद-कुंकू लावायची, आणि डॉक्टर सुमेधांनी फोनवर हात जोडले, "आजी, हवा जाते तिथे लावू नका."

पाचव्या-सहाव्या सकाळी खिडकीत कावळा ओरडला. उत्तमने डोळे उघडले. डोकं जागेवर होतं आणि हलकं होतं. त्याला तो कावळा आवडला. डिप्रेशन काही त्या कावळ्याच्या शेपटीला बांधून उडून गेलं नाही. गोळी चालू होती, वाईट दिवस यायचे, पण ते आता मधूनच यायचे, मुक्कामाला नाही. एक दिवस रुचिताने विचारलं, "चहा टाकू?" तर तो म्हणाला, "आलं घाल."

सगळं घर खूश. सोसायटी नाराज. विश्राम वॉचमनला परत शिट्टी मारावी लागली. आणि खोपटला तर हाहाकार.

"दादा, तुम्ही जागे का?" विनीतने काचेतून विचारलं.

"झोप येत नाही. रात्री झालेली आहे."

"असं कसं चालेल? दिवाळी सेल तोंडावर आहे!"

विनीतने ठाण्यात एक हॉल घेतलेला. 'महानिद्रा स्पर्धा', भर दुपारी, स्टेजवर पाच गाद्या, पाच स्पर्धक. परीक्षक म्हणून चांगदेवराव, प्रभागातले समाजसेवक, ज्यांच्या हस्ते ठाण्यात दुकानं, दवाखाने आणि मुताऱ्या यांचं सारख्याच उत्साहाने उद्घाटन होतं. नियम एकच. आवाज मोजायचं यंत्र लावणार, जो जास्त घोरेल तो जास्त झोपला.

"आणि ते मशीन आणायचं नाही हं," विनीत म्हणाला. "आमच्या गादीचा माणूस मशीन लावून झोपतो हे बाहेर गेलं तर गादी कोण घेईल? एक दिवस नाही लावलं तर मरणार आहात का?"

उत्तमने त्याच्याकडे बघितलं. "बघू," म्हणाला. राहू दे म्हणाला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तो पिशवी घेऊन स्टेजवर चढला. तिसऱ्या नंबरच्या गादीवर बसला, पिशवीतून मशीन काढलं, मांडलं, आणि प्लग लावायला जागा नव्हती म्हणून डीजेचा काढला. गाणं मरून पडलं. मास्क चढवल्यावर लोक ओरडले, "काका, विमान सोडताय काय?" विनीत स्टेजखालून हातवारे करत होता, गळा कापल्याची खूण करत होता. उत्तमने डोळे मिटले. एसी छान होता, गादी, खरं सांगायचं तर, वाईट नव्हती, आणि पोटात रुचिताने दिलेला दहीभात होता. तो झोपला.

चाळीस मिनिटांनी त्याला उठवलं तेव्हा निकाल चाललेला. विनीतच्या हातात कॉर्डलेस माइक होता आणि आवाजात रडू. "स्पर्धक क्रमांक तीन, आवाज शून्य. परीक्षकांच्या मते ते झोपलेच नाहीत. बाद!"

"मी झोपलेलो," उत्तम म्हणाला.

"पुरावा काय?" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

आणि तेवढ्यात हॉलच्या स्पीकरमधून असा आवाज आला की पहिल्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. सोफ्यावर परीक्षक चांगदेवराव झोपलेले. कॉलरला माइक लावलेला, मान खाली, आणि अख्ख्या हॉलभर त्यांचं घोरणं. टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. "पहिला नंबर साहेबांचा!" विनीतचा चेहरा उजळला, तो हार घेऊन धावला.

घोरणं थांबलं.

लोक अजून हसत होते. उत्तमच्या तोंडात आपोआप आकडे आले. एक. दोन. सात. विनीत हार घालून फोटोसाठी उभा राहिला. बारा. सतरा. तेराशे लोकांना ऐकू येईल असा स्पीकर होता तो, आणि त्यातून काहीच येत नव्हतं, आणि ते काहीच कुणाला ऐकू येत नव्हतं. पंचवीस.

"हसू नका!" उत्तम ओरडला. तो स्वतःच दचकला, इतका मोठा आवाज त्याच्यात होता. "ऐकताय काय? कान आहेत ना? माणूस श्वास घेत नाहीये आणि तुम्ही हार घालताय! इतके महिने माझ्यावर हसलात, काचेला बोटं लावून हसलात! झोपतोय, झोपतोय, कसला झोपतोय? गळा आवळलाय त्याचा!"

विनीतला बाजूला ढकलून त्याने चांगदेवरावांना गदागदा हलवलं. घर्र करून मोठा श्वास आत गेला, आणि साहेब डोळे फाडून बघायला लागले. सवयीने आधी हार चाचपला.

"उद्घाटन झालं?"

"साहेब, श्वास थांबलेला तुमचा." उत्तम त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "सकाळी उठल्यावर डोकं जड असतं?"

"असतं." कॉलरवरचा माइक चालूच होता.

"कशातच मन लागत नाही? उगाचच रडू येतं?"

चांगदेवराव अजून अर्धे झोपेत होते, म्हणून खरं बोलले. "परवा नारळ फोडताना रडलो. लोकांना वाटलं, भाषण मनापासून झालं."

या वेळी हॉल हसला नाही. मागच्या रांगेत एका बाईने शेजारच्या नवऱ्याकडे वळून बघितलं. मग आणखी एकीने.

"दादा, उद्यापासून येऊ नका," विनीत दातओठ खात म्हणाला.

"बरं," उत्तम म्हणाला. गळ्यातलं 'चीफ स्लीप ऑफिसर'चं कार्ड काढलं, उलटं केलं, विनीतच्याच खिशातलं पेन घेतलं आणि मागे डॉक्टर सुमेधांचा पत्ता लिहून चांगदेवरावांच्या हातात दिलं. "मिसेसना घेऊन जा. त्यांनी मोजलेलं नसेल, पण ऐकलेलं असेल."

साहेबांनी कार्डाकडे बघितलं. मोठ्या माणसाचा आवाज गेलेला, शाळेतल्या पोरासारखं हळूच विचारलं, "पण मला झालंय काय?"

"ओसा."

चांगदेवराव गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. मग, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "असं कसं? आमच्या हिचा ओसा तर लग्नाच्याच वर्षी झाला!"

उत्तमने त्यांच्या कॉलरवरचा माइक काढला, बंद केला, आणि त्यांच्या शेजारी सोफ्यावर टेकला. "सांगतो," म्हणाला. "बसा नीट. वेळ आहे माझ्याकडे आता."